पाणी कापण्याची रीत

शहरातील एखाद्या मोठ्या तरणतलावाच्या काठी पहाटे उभे राहिले, तर एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. अजून पुरते उजाडलेले नसते. पाण्यावर दिव्यांचा उजेड पसरलेला असतो आणि दोरांनी आखलेल्या वाटांतून प्रौढ पोहणारे एकामागून एक चाललेले असतात. त्यांपैकी कोणी छातीवर पोहण्याच्या शर्यतीची तयारी करीत असतो, कोणी पाठीवर पोहण्याच्या शर्यतीची, तर कोणाला शर्यतीशी काहीच कर्तव्य नसते. केवळ शरीर धडधाकट राहावे म्हणून तो येतो. परंतु घटका दोन घटका त्यांच्याकडे लक्ष देऊन पाहावे, तो असे आढळते की, हे सर्व जण बहुतेक वेळ एकाच रीतीने पोहत आहेत. तोंड पाण्यात, अंग लाकडाच्या ओंडक्यासारखे आडवे, एक हात हवेतून पुढे येत आहे तोच दुसरा पाण्याखालून मागे जात आहे आणि पाय एकसारखे वरखाली हलत आहेत. ज्याला शर्यत एका रीतीने पोहावयाची, त्याने सराव निराळ्याच रीतीने का करावा, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात सहज उभा राहतो.

या रीतीला इंग्रजीत क्रॉल म्हणतात. क्रॉल म्हणजे सरपटणे. जी रीत सर्वांत वेगवान, तिला सरपटण्याचे नाव मिळावे, हा भाषेचा एक विनोदच म्हणावयाचा. हे नाव तिला कसे मिळाले ते पुढे येईलच.

पोहण्याच्या शर्यती आज चार प्रकारांच्या मानल्या जातात. ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे छातीवरचे पोहणे. त्यात दोन्ही हात एकाच वेळी पुढून बाजूंना फाकतात व पुन्हा छातीशी येतात, आणि पाय बेडकाप्रमाणे आखडून मागे झाडले जातात. बॅकस्ट्रोकमध्ये मनुष्य उताणा असतो. बटरफ्लाय म्हणजे फुलपाखरू. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पंखांसारखे पुढे फेकावयाचे, ही त्याची खूण. हा प्रकार ब्रेस्टस्ट्रोकमधूनच निघाला आणि १९५२ नंतर तो वेगळा धरला जाऊ लागला. चौथ्या प्रकाराचे नाव मुक्त शैली. नियमाप्रमाणे मुक्त शैलीच्या शर्यतीत पोहणाऱ्याने हवे तसे पोहावे. त्याने बेडकासारखे पाय झाडले तरी कोणी हरकत घेणार नाही. पण ही मोकळीक असूनही सारेच्या सारे क्रॉलच पोहतात. ज्याला निवड करण्याची पूर्ण सवलत आहे तो प्रत्येक जण एकच गोष्ट निवडतो, तेव्हा त्या गोष्टीत काहीतरी सत्त्व असलेच पाहिजे.

ते किती आहे हे आकड्यांवरून कळते. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत चीनच्या पान झान्ले याने १०० मीटर मुक्त शैलीचे अंतर ४६.४० सेकंदांत काटले. त्यापूर्वी २०१९ साली दक्षिण कोरियातील ग्वांगजू येथे इंग्लंडच्या ॲडम पीटी याने तेवढेच अंतर ब्रेस्टस्ट्रोकने ५६.८८ सेकंदांत पार केले होते आणि तोही त्या प्रकारातील जागतिक विक्रम होता. हे दोघे आपापल्या रीतीने शेजारी शेजारी पोहते, तर पहिल्याचा हात पलीकडच्या भिंतीला लागला त्या क्षणी दुसरा सुमारे अठरा मीटर मागे असता.

इतकी उघड गोष्ट युरोपातील लोकांना मात्र फार उशिरा पटली. १८४४ साली उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे जमातीचे काही लोक लंडनला आले होते. तेथील एका स्नानगृहाच्या हौदात त्यांच्यापैकी दोघांची शर्यत लावण्यात आली. हे दोघे हात पाण्याबाहेरून फिरवीत आणि पाय पाण्यावर आपटीत पोहले. १३० फूट लांबीचा हौद जिंकणाऱ्याने अर्ध्या मिनिटात ओलांडला. प्रेक्षक चकित झाले. पण त्यांना ही रीत आवडली मात्र नाही. पवनचक्कीच्या पात्यांसारखे हात काय फिरवावयाचे आणि पाणी काय उडवावयाचे! सभ्य माणसाने डोके वर ठेवून, आवाज न करता, छातीवर पोहावे, अशी त्या काळच्या इंग्रजांची समजूत होती. शिवाय पुढे केनवर्दी नावाच्या एका इंग्रज पोहणाऱ्याने त्या पाहुण्यांना हरवले. ते आधीच शर्यत पोहून दमले होते याचा विचार फारसा कोणी केला नाही. झाले, विषय तेथेच मिटला. डोळ्यांसमोर आलेली विद्या केवळ ती परक्यांची व ओबडधोबड दिसते म्हणून परत पाठविली गेली आणि त्याची किंमत पुढे निदान तीस वर्षे मोजावी लागली.

त्या तीस वर्षांत ब्रेस्टस्ट्रोकची कीर्ती कमी झाली नाही, उलट वाढली. १८७५ च्या ऑगस्ट महिन्यात कॅप्टन मॅथ्यू वेब याने इंग्लंडमधील डोव्हरच्या किनाऱ्यावरून पाण्यात उडी घेतली आणि २१ तास ४५ मिनिटांनी तो फ्रान्समधील कॅले येथे किनाऱ्याला लागला. कोणत्याही कृत्रिम साधनावाचून इंग्लिश खाडी पोहून जाणारा तो पहिला मनुष्य. सारे अंतर तो छातीवर पोहला होता. त्यामुळे लांबवर जावयाचे तर हीच रीत, ही समजूत अधिकच पक्की झाली. वेबचे धैर्य अजोड होते यात शंका नाही. पण त्याच्या यशाचे श्रेय लोकांनी त्याच्या छातीला देण्याऐवजी त्याच्या रीतीला दिले.

तरीही बदल चोरपावलांनी येतच होता. जॉन ट्रजन नावाच्या इंग्रजाने मुलगा असताना दक्षिण अमेरिकेत तेथील लोकांना हात आळीपाळीने पाण्याबाहेर काढून पोहताना पाहिले होते. १८७३ साली त्याने लंडनमधील एका शर्यतीत तोच प्रयोग केला आणि तो जिंकला. मात्र त्याचे पाय जुन्याच पद्धतीने चालत होते. हात नवे आणि पाय जुने, अशी ती जोडणी होती. पायांचा प्रश्न सुटला तो पार ऑस्ट्रेलियात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲलिक विकम नावाचा मुलगा सॉलोमन बेटांवरून सिडनीला शिकण्यासाठी आला होता. त्याची आई त्या बेटांवरचीच होती आणि पोहणे तो तेथेच शिकला होता. सिडनीच्या ब्रॉन्टी किनाऱ्यावरील हौदात तो पोहू लागला, तेव्हा त्याचे सरळ पाय वरखाली हलताना पाहून तेथील एका जाणत्या शिक्षकाच्या तोंडून, हे पोर पाण्यावर सरपटते आहे, अशा अर्थाचे उद्गार निघाले, असे सांगतात. क्रॉल हे नाव तेव्हापासून पडले म्हणतात. सिडनीतील कॅव्हिल घराण्यातल्या भावांनी ती रीत उचलली आणि त्यांच्यातील रिचर्ड याने १९०२ साली इंग्लंडमध्ये जाऊन १०० यार्डांचे अंतर एका मिनिटाच्या आत पोहून दाखविले. जी रीत अर्ध्या शतकापूर्वी लंडनने हसण्यावारी नेली होती, तीच आता वळसा घालून लंडनला परत आली.

पुढची प्रगती झपाट्याने झाली. हवाई बेटांतील ड्यूक कहानामोकू याने १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटरांचे सुवर्णपदक मिळविले. १९२२ साली अमेरिकेच्या जॉनी वाइसमुलर याने तेच अंतर ५८.६ सेकंदांत काटून एका मिनिटाची मर्यादा प्रथमच ओलांडली. तरी एक शंका शिल्लक होतीच. थोड्या अंतराला ही रीत ठीक आहे. पण खवळलेल्या समुद्रात तासन् तास असे कोण पोहू शकेल? या शंकेला उत्तर दिले ते गर्ट्रूड एडर्ली या अमेरिकन मुलीने. लहानपणी गोवर झाल्यामुळे तिला कमी ऐकू येत असे. १९२५ मध्ये इंग्लिश खाडी पोहण्याचा तिचा पहिला प्रयत्न फसला होता. ६ ऑगस्ट १९२६ रोजी ती फ्रान्सच्या किनाऱ्यावरून पुन्हा निघाली. वारा प्रतिकूल होता, लाटा उसळत होत्या. वीस वर्षांची ती मुलगी क्रॉल पोहत सुमारे साडेचौदा तासांत इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरली. तिच्याआधी पाच पुरुषांनी ही खाडी ओलांडली होती. त्यांच्यातील सर्वांत वेगवान पुरुषाला साडेसोळा तास लागले होते. त्या दिवसानंतर लांबच्या पल्ल्यासाठी कोणती रीत चांगली, हा वाद फारसा कोणी घातला नाही.

क्रॉलमध्ये असे काय आहे? त्याचे मर्म समजण्यासाठी आधी पाण्याचा स्वभाव ओळखला पाहिजे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड असते. त्यातून जाणाऱ्याला ते सतत अडविते आणि त्याची ही अडवणूक वेगाबरोबर फार भरभर वाढते. वेग दुप्पट केला, तर अडथळा जवळजवळ चौपट होतो. म्हणून पोहणाऱ्याने आपले बळ वाढविण्यापेक्षा पाण्याला अडविण्याची संधी कमी देणे अधिक फायद्याचे असते. पट्टीच्या पोहणाऱ्याकडे पाहून तो काही जोर लावीत नाही असे जे वाटते, त्याचे कारण हेच.

आता ब्रेस्टस्ट्रोक पाहा. पाय झाडले की अंग बाणासारखे पुढे सरकते, येथवर उत्तम. पण पुढच्या झटक्यासाठी गुडघे आखडून पाय जवळ घ्यावे लागतात. तेव्हा मांड्या पाण्यासमोर आडव्या येतात. हातही पाण्यातूनच पुढे न्यावे लागतात. त्या क्षणी वेग एकदम ओसरतो आणि पुढच्या झटक्याने तो पुन्हा उभा करावा लागतो. भरलेला बैलगाडा एकदा चालता झाला की बैलांना तो ओढणे सोपे जाते. पण दर दहा पावलांवर थांबवून तो पुन्हा हलवावा लागला, तर बैलांच्या तोंडाला फेस येईल. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पोहणारा हाच थांबता-चालता गाडा ओढीत असतो.

क्रॉलमध्ये गाडा थांबत नाही. एक हात पाणी मागे रेटून संपतो न संपतो, तोच दुसरा रेटू लागतो. परत येणारा हात हवेतून येतो, त्यामुळे पाण्याला त्यास अडविता येत नाही. शरीर कमरेपासून डावीकडे उजवीकडे थोडेसे कलते. त्यामुळे पुढचा हात आणखी लांब पोहोचतो आणि खांद्याचे व पाठीचे मोठे स्नायू कामाला लागतात. येथे केवळ तळवा पाणी रेटतो असे नाही; कोपर उंच ठेवले, तर कोपरापासून बोटांपर्यंतचा सारा हात वल्ह्याच्या पात्यासारखा उपयोगी पडतो. पाठीवर पोहतानाही हात आळीपाळीनेच चालतात. परंतु खांद्याचा सांधा मागच्या बाजूला तितका मोकळा वळत नाही, म्हणून त्या रीतीला क्रॉलची सर येत नाही.

पायांविषयी लोकांचा मोठा गैरसमज असतो. पाय जितके आपटावे तितका वेग वाढेल, असे नवशिक्याला वाटते. वास्तविक क्रॉलमध्ये पुढे नेणारे बळ मुख्यतः हातांचे असते. पायांचे पहिले काम म्हणजे शरीराचा मागचा भाग बुडू न देणे. मांड्यांचे स्नायू मोठे असल्यामुळे त्यांना प्राणवायूही पुष्कळ लागतो आणि त्या मानाने मोबदला थोडा मिळतो. यासाठी लांब पल्ल्याचे अनेक पोहणारे हातांच्या एका फेऱ्यात, म्हणजे उजवा व डावा मिळून दोन हातांत, पाय अवघे दोनदा मारतात. आखूड शर्यतीत मात्र तेच सहा वेळा मारले जातात.

हातांच्या बळावर मनुष्य पाण्यात कोठवर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ या गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे बळ गेले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धा, म्हणजे पॅरालिंपिक सामने, भरले. त्यांत ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्या सामन्यांत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक होय. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

आता पहाटेच्या तलावाकडे परत यावे. ज्याची शर्यत ब्रेस्टस्ट्रोकची किंवा बटरफ्लायची आहे, तो आपला बराचसा वेळ क्रॉलला का देतो, हा मूळ प्रश्न होता. शर्यतीच्या तयारीत पहिले काम दम वाढविण्याचे. त्यासाठी थोडी विश्रांती घेत घेत दोन-तीन हजार मीटर, स्पर्धेतील पोहणारे असतील तर त्याहूनही अधिक, पोहावे लागते. एवढे अंतर बटरफ्लायने कापू गेले, तर काहीशे मीटरांतच खांदे उतरतात, हात पाण्यातून वर येईनात होतात आणि चुकीच्या सवयी अंगात मुरतात. ब्रेस्टस्ट्रोक फार केला, तर पाय बाहेर झाडण्याच्या क्रियेने गुडघे व मांड्यांची आतली बाजू दुखू लागते. पाठीवर पोहणाऱ्यास पुढचे दिसत नाही. गर्दीच्या वाटेत त्याचे डोके दुसऱ्याच्या पायांवर आदळावयाचे. राहता राहिला क्रॉल. तो कमी श्रमांत सर्वांत अधिक अंतर काटतो. हृदय आणि फुप्फुसे यांना तर हात कोणत्या रीतीने फिरले याचे सोयरसुतक नसते. त्यांना काम मिळाले म्हणजे झाले. यास्तव अंग गरम करावयाचे तर क्रॉल, दम वाढवावयाचा तर क्रॉल आणि जोराच्या फेऱ्यांनंतर श्वास जाग्यावर आणावयाचा तरीही क्रॉल, असा शिरस्ता पडला आहे. खास रीतीचा सराव त्याच्या मधल्या वेळात, अंग ताजे असताना, थोड्या पण नेमक्या फेऱ्यांनी होतो. शर्यतींची मांडणीही अशीच आहे. पॅरिसच्या तलावात मुक्त शैलीच्या वैयक्तिक शर्यती ५० मीटरांपासून १५०० मीटरांपर्यंत सहा होत्या. इतर तिन्ही रीतींच्या प्रत्येकी दोनच.

या शिरस्त्याचा अतिरेकही होतो, हे मात्र सांगितले पाहिजे. रोज हजारो वेळा तोच हात डोक्यावरून फिरविला म्हणजे खांदा कुरकुरू लागतो. जाणता शिक्षक म्हणून मधूनमधून पाठीवरच्या फेऱ्या घालावयास लावतो. ब्रेस्टस्ट्रोकमधील हातापायांचा मेळही क्रॉल पोहून कोणाला साधलेला नाही. तो त्याच रीतीत घोटावा लागतो. आणि ज्याला केवळ नदीच्या डोहात निवांत विहार करावयाचा आहे, काठावरची झाडे पाहावयाची आहेत, त्याने खुशाल छातीवरच पोहावे. डोके पाण्याबाहेर ठेवून चारी बाजूंना पाहत जाण्याचे सुख क्रॉलमध्ये नाही.

प्रौढ वयात क्रॉल शिकणाऱ्याची खरी अडचण हातांची नसते, पायांचीही नसते. ती श्वासाची असते. खेड्यातील विहिरीत सुक्या भोपळ्यांची सांगड पाठीला बांधून लहानपणी पोहावयास शिकलेला मनुष्य शहरातील तलावावर येतो. त्याला पाण्याचे भय ठाऊक नसते. मुटका मारून तो विहीर हादरवून सोडीत असे. पण तलावाच्या दोन लांब्या होतात न होतात, तोच तो धापा टाकीत भिंत धरतो आणि शेजारचा किडकिडीत म्हातारा तेवढ्या वेळात शांतपणे सहा लांब्या करून जातो. कारण एवढेच, की विहिरीत तो डोके वर ठेवून हात मारीत आलेला आहे. डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात. मग तो पुढे जाण्याऐवजी चढण चढू लागतो. शिक्षक त्याला पहिले काही दिवस हात मारूच देत नाही. भिंत धरून उभे राहावयाचे, तोंड पाण्यात घालून नाकातोंडावाटे सावकाश बुडबुडे सोडावयाचे आणि डोके न उचलता, केवळ मान कुशीला वळवून श्वास घ्यावयाचा. विहिरीत दहा वर्षे पोहलेल्या माणसाला हे पोरखेळासारखे वाटते. तो हसतो, ठसका लागतो, पुन्हा तोंड पाण्यात घालतो. मग एखाद्या दिवशी भिंत सुटते, बुडबुडे सोडीत तो निघतो आणि पलीकडच्या काठाला हात लागल्यावर मागे वळून पाहतो. या खेपेस त्याला धाप लागलेली नसते.